गिळलेला हाकारा

वाळवंट पाहायला लोक राजस्थानात जातात. आमच्याकडे ते माजरीच्या कोळसाखाणीच्या बाजूला आहे. कोळसा काढायच्या आधी वरची माती उपसून टाकतात ना, तिचे डोंगर. जुन्या, बंद पडलेल्या भागातल्या त्या डोंगरांवर गवताची काडी उगवत नाही. मार्च अर्धा सरला की तिथं ऊन असं पडतं की माणसाची सावलीसुद्धा पायाखालून बाहेर यायला नाही म्हणते. मी तिथं एक सरडा पाहिला, एका पायावर उभा. बाकीचे तीन पाय तो वर धरून गार करत होता. खोटं वाटत असेल तर सरडा अजून तिथंच आहे, जाऊन विचारा.

अशा ठिकाणी शनिवार-रविवार रायफल नेमबाजीचं शिबिर होतं, आणि मी तिथं बायकोच्या मागं मागं गेलो होतो. ती कोरपन्याकडच्या एका शाळेत खेळ शिकवते. शाळेतल्या पोरींना नेमबाजी शिकवायची, हे भूत तिच्या डोक्यात बसलेलं. बंदूक मात्र शाळेत एकच, नाटकातल्या शिपायाची, लाकडाची.

शिबिर घेणारे फौजेतून निवृत्त झालेले साताऱ्याचे सुभेदार. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. उस्तादांनी तिला शब्द दिला होता. रविवारच्या परीक्षेत तिच्या दहापैकी आठ गोळ्या निशाणाच्या काळ्या गोलात बसल्या, तर त्यांच्या नेमबाजी क्लबच्या दोन एअर रायफली वर्षभर शाळेला. सात बसल्या तर पुढच्या वर्षी बघू. आणि पुढच्या वर्षी, ज्या पोरींनी तिला हे वेड लावलं होतं त्या दहावी होऊन शाळेबाहेर पडलेल्या असणार.

शनिवारी सकाळी उस्तादांनी पहिली गोळी स्वतः मारून दाखवली. पालथे झोपले, श्वास रोखला, ठो! आणि मागं बसलेल्या आम्ही सगळ्यांनी एकदम आरोळी ठोकली, "हाऽऽऽ हुर्रर्र! हाऽऽऽ!"

उस्ताद रायफल खाली ठेवून पालथेच वळले. चेहरा असा, की सरहद्दीवरही त्यांनी असा हल्ला पाहिला नसावा.

"काय झालं? कुणाला लागलं का?"

"नाई उस्ताद," मी म्हटलं, "सवय आहे."

त्यांना समजावून सांगावं लागलं. आमच्याकडे पिकात रानडुकरं शिरतात. हरभरा, तूर, काही सोडत नाहीत. मग आम्ही शेतात मचाण बांधून जागल करतो. एकानं सुतळी बॉम्ब फोडायचा आणि लगेच आजूबाजूच्या सगळ्या मचाणांवरून हाकारा द्यायचा. धडाका झाला की घसा आपोआप उघडतो, डोक्याला विचारत नाही. शिबिरात आलेले मास्तर, वनमजूर, शेतकरी, सगळे याच शाळेत शिकलेले.

"इथे डुक्कर नाहीये," उस्ताद सातारी शांतपणानं म्हणाले. "इथे कागद आहे. कागदावर कोणी ओरडत नाही."

दुपारपर्यंत बाकीच्यांचं ओरडणं बंद झालं. माझं नाही. माझा हाकारा म्हणजे साधी चीज नव्हे. मी कोरपन्यात दिला तर राजुऱ्याची डुकरं उठून बसतात. एकदा आमच्या शिवारातलं डुक्कर माझ्या हाकाऱ्यानं असं पळालं की तेलंगणात जाऊन तेलुगू शिकून परत आलं. असा आवाज बायकोच्या डोक्यामागं दर गोळीला फुटायचा. तिची एक गोळी तर निशाण सोडून मातीच्या डोंगरात गेली. शेजारी झोपलेल्या मास्तरांच्या कागदावर एक भोक जास्त निघालं ते कुणाचं, याची चौकशी मी होऊ दिली नाही.

घरी येताना ती गाडीवर मागं बसून बोलली.

"अवो, तुमी उद्या येऊ नका."

"काऊन? मले पण शिकाचं आहे."

"तुमी शिकून नाई राह्यले, मले घाबरवून राह्यले. त्या पोरी सोमवारी मले विचारतीन, बाई काय झालं? काय सांगू? आमचे हे ओरडले म्हणून?"

पण रविवारी गेलो. परीक्षा सुरू झाली तेव्हा मी उन्हासाठी डोक्याला बांधलेला दुपट्टा चांगला ओला केला, तोंडात कोंबला आणि डोक्यामागं गाठ मारून पाण्याच्या ड्रमाआड जाऊन बसलो.

पहिली गोळी सुटली. हाकारा छातीतून निघाला, दुपट्ट्याला धडकला आणि परत पोटात गेला. दुसरी, तसंच. पाचव्या गोळीपर्यंत माझं पोट ढोलासारखं फुगलं, शर्टाचं बटण तुटून ड्रमावर टण्णकन वाजलं. बायकोनं मान हलवली नाही. उस्ताद दुर्बिणीतून पाहून प्रत्येक गोळीनंतर सांगत, "काळ्यात." एकदा म्हणाले, "बाहेर." मग पुन्हा, "काळ्यात." मग परत एकदा, "बाहेर." नऊ झाल्या, सात आत. एकच राहिली.

तेवढ्यात निशाणांच्या मागच्या बांधावरून एक रानडुकरीण उतरली. मागं पिल्लांची रांग. निशाणाखाली धूळ बसवायला मारलेल्या टँकरच्या पाण्याचं डबकं साचलं होतं, त्यात ती ऐसपैस लोळली.

उस्तादांनी लाल झेंडा उचलला. सगळ्या रायफली खाली, रिकाम्या, सगळे मागं. उस्तादांनी शिट्टी फुंकली. डुकरिणीनं कान हलवला. झेंडा फडकवला, तिनं कूस बदलली. फौजेला असं कुणी वागवलं नसेल. उन्हं तिरपी झाली होती. खाणीचा चौकीदार किल्ल्या वाजवत आला.

"साहेब, फाटक बंद कराची वेळ झाली."

उस्तादांनी घड्याळ पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "बाई, मला वाटतं आता..."

बायको उठली ती सरळ माझ्याकडे आली. ओली गाठ घट्ट झालेली, सुटेना. तिनं दातांनी सोडवली.

"ओरडा," ती म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

मी उभा राहिलो आणि दिला. एक नव्हे, दुपारपासून गिळलेले सगळे एकदम. मातीच्या डोंगरावरून दगड गडगडले. चौकीदाराच्या किल्ल्या हातातून पडल्या. डुकरीण पिल्लांसकट हवेतच वळली आणि बांध चढून अशी गेली की तिची धूळ वणीपर्यंत दिसली म्हणतात. उस्तादांनी दुर्बिणीतून सगळं रान नीट पाहिलं, मग झेंडा उतरवला.

"एकच गोळी. चला."

मी दुपट्टा पुन्हा तोंडाशी नेला. ती चटईवर पालथी होता होता म्हणाली, "राहू द्या. नुसते बसा."

मी बसलो. ती श्वास घेताना खांदे वर आले, खाली गेले, थांबले. ठो!

माझं तोंड उघडलं. आवाज आला नाही. घसा पार बसला होता.

उस्ताद दुर्बिणीला चिकटले ते चिकटलेच. मग स्वतः चालत निशाणापर्यंत गेले, वाकून भोक पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. तिथूनच ओरडले, "रेघेवर आहे! रेघेला लागलं की आत धरतात! आठ!"

अन् मग सगळ्या मास्तरांनी, वनमजुरांनी, चौकीदारानंसुद्धा हाकारा दिला. परत येणाऱ्या उस्तादांनीही हात वर करून दिला, जरा सातारी वळणाचा, पण दिला. त्या अख्ख्या वाळवंटात गप्प असलेला एकटा मी. बायको माझ्या तोंडाकडे बघून हसत होती आणि डोळे पुसत होती.

आता शाळेमागच्या शेडमध्ये पोरी रोज नेम धरतात. एअर रायफलीचा आवाज तो काय, फुसकन होतो, माझा घसा ढुंकूनही बघत नाही. तरी मी डबा द्यायला गेलो की बायको आधी वळून माझ्याकडे बघते. मी दुपट्टा दाखवतो. मग ती पोरींना म्हणते, "हं, मारा."