साहेबांना तीनदा भरायला लावलेला फॉर्म

नागपूरच्या सरकारी वसतिगृहाचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. मुदत पाच वाजेपर्यंत. वसतिगृह मिळालं तरच नागपूरचं कॉलेज, हे घरी ठरलेलं. मी बाबांना घेऊन सिहोऱ्याच्या ऑनलाइन सेंटरवर गेले. सेंटरवाला टाइप करायला बसला तर मी म्हटलं, "मीच भरते." बारावीला शाळेत पहिली आलेली मी, दुसऱ्याच्या हातानं कशाला भरू?

"भर ना मॅडम, तू तं आता कॉलेजवाली!" म्हणत त्यानं खुर्ची सोडली.

एकतीस रकाने होते. नाव मराठीत हवं होतं, म्हणून कीबोर्ड मराठीवर. उत्पन्नाच्या दाखल्याचा नंबर मी दाखल्यावर होता तसाच मराठी आकड्यांत टाकला. फॉर्म गप्प. शेवटचं बटण दाबल्यावर मात्र लाल ओळ आली, 'माहिती अवैध आहे', आणि सगळे रकाने कोरे.

"काय चुकलं, ते काहून नाही सांगून राहिला तो?" बाबांनी विचारलं.

तीनदा भरला. तिसऱ्यांदा पाच वाजून गेले.

"बारावी पास हाये ना काका तुमची पोरगी?" सेंटरवाला हसला. बाबांनी दाखला घडी करून खिशात ठेवला.

मग तुमसरला एसटीनं ये-जा करून पदवी घेतली. घराण्यातली पहिली. ती लाल ओळ विसरले नाही, विसरायचंच नव्हतं.

पुढे नागपुरात, ऑनलाइन फॉर्म बनवणाऱ्या कंपनीत लागले. पहिल्याच महिन्यात कळलं, तो फॉर्म आमच्याच साहेबांनी बनवलेला, आणि त्याला नंबर फक्त इंग्रजी आकड्यांत चालायचा. मी दीड वर्ष गप्प राहिले. मग तोच फॉर्म नव्यानं करायचं काम आलं.

मी म्हटलं, रकाना भरून माणूस पुढे सरकला की तिथेच चूक सांगा. आमच्याकडे धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालतो तेव्हा हात चिखलात असताना जुनी बाई टोकत नाही. पात, म्हणजे एक ओळ, संपली की सांगते, दुसरी धरायच्या आत. शेताची अख्खी बांधी रोवून झाल्यावर सांगून काय उपयोग? उपटून पुन्हा रोवायची?

"शेवटी एकदाच दाखवायचं," साहेब म्हणाले. "लोकांनी नीट वाचून भरावं."

"बरोबर आहे सर. मग बैठकीत तुम्हीच भरून दाखवा ना."

बैठकीला खात्याचे अधिकारी होते. जुना फॉर्म पडद्यावर लावला आणि माझा तोच दाखला साहेबांच्या हातात दिला. त्यांनी नाव मराठीत टाकलं, नंबरही त्याच ओघात. मी पाहत होते. बोलले नाही. लाल ओळ आली, रकाने कोरे.

"पुन्हा भरा सर," मी म्हटलं.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यांचे कान लाल झाले होते. "अरे, पण काय चुकलं ते सांगायला नको का यानं?"

"माझ्या बाबांनी हेच विचारलं होतं," मी सगळ्यांसमोर म्हटलं, आणि दाखल्यावरचं माझं नाव त्यांना वाचायला लावलं.

आता तो फॉर्म मराठी आकडे घेतो, आणि चूक झाली तर त्याच रकान्याखाली सांगतो. नागपूरचं कॉलेज काही परत आलं नाही. साहेब हल्ली माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बोलू देत.

बैठकीच्या दिवशीच संध्याकाळी घरी फोन केला होता. "बाबा, साहेबाले तीनदा भरायले लावला."

ते म्हणाले, "चवथ्यांदा काहून नाही लावला?"