शिडीवरची सुवर्णा

लकव्यानं प्रेमानंदचा उजवा हात गेला, तेव्हापासून सोनाळ्यात वायरमनचं काम नवराबायको मिळून करतात. तो खाली शिडी धरून सांगतो, सुवर्णा वर चढून करते. सुरुवातीला लोक हसायचे. "काऊन बे प्रेमानंद, बायकोले शिडीवर चढवून सोता सावलीत!" पण सुवर्णाच्या हातचं काम टिकायचं, म्हणून हसणारेच पुढं घरी बोलवायला लागले.

टिकत नव्हतं ते फक्त पंजाबरावांच्या घरचं.

त्यांच्या जुन्या घरातली तार ॲल्युमिनियमची, अंगणापलीकडच्या नव्या खोलीतली तांब्याची. दोन्हींचा जोड खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर एका डबीत. हा जोड दोनदा खराब झाला, दोनदा सुवर्णानं नवा केला. आता वैशाखात त्यांची लेक राखी बाळंतपणाला आलेली, तिच्याच खोलीतला पंखा पुन्हा बंद पडला आणि डबीतून जळका वास सुटला. राखीच्या आईनं, विमलबाईंनी लगोलग निरोप धाडला. दोघं पोचले तेव्हा पंजाबराव अंगणात उभेच होते.

"राग नको मानू प्रेमानंदा, पन आता मी जळगाव जामोदचा मानूस आनतो. घरात तान्हं लेकरू आहे."

प्रेमानंदनं मान खाली घातली. सकाळीच चहा पिताना तो म्हणाला होता, "माह्या शिकवन्यातच खोट आहे वं. हे काम आता सोडून देऊ." हात गेला तेव्हाही हा माणूस इतका खचला नव्हता.

"एकडाव पाहू द्या भाऊ," सुवर्णा म्हणाली. "मंग आना कोनालेही."

तिनं मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, मनात 'नमो बुद्धाय' म्हटलं आणि चढली. डबी उघडली तर ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, तांब्यावर हिरवट थर.

"ढिला पडला काय?" खालून प्रेमानंद.

"नाई. दाबला तसाच आहे."

"ग्रीस?"

"धुऊन गेल्यावानी दिसते."

"वैशाखात पानी कुठून येऊन राह्यलं?"

सुवर्णानं नाक जवळ नेलं. आंबट वास. ताकाचा! तेवढ्यात मनगटावर एक थेंब पडला. तिनं वर पाहिलं. डबीच्या बरोब्बर वर, खिळ्याला भरल्या मिरच्यांची ओली माळ लोंबत होती.

"काकू, ह्या मिठाच्या ताकातल्या काय?"

"हाव. राखीले लय आवडतात," विमलबाई म्हणाल्या. "खाटेवर टाकल्या तं वानरं ठेवत नाईत, म्हून तथी टांगते. सांजच्याले काढून घेते."

याआधी दोघं आले ते सांजच्यालाच. माळ त्यांच्या नजरेला पडणार कशी?

"माय वं काकू!" सुवर्णाला शिडीवरच हसू आलं. "जोडाले ताक पाजत होत्या तुमी!"

प्रेमानंदचा आवाज मोकळा झाला. "तांबं आन् ॲल्युमिनियम कोरडे असले तं नांदतात, भाऊ. मधात मिठाचं पानी आलं का ॲल्युमिनियम खाल्ल्या जाते. मंग जोड तापते. तापता तापता पेटतेही."

विमलबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हंजे मी माह्याच लेकीच्या खोलीले आग लावून राह्यली होती?"

"असं नका म्हनू काकू. तुमी लेकीसाठी मिरच्या वाळवल्या. डबी उघड्यावर लावली ती आमी."

सुवर्णानं तारांची खराब टोकं कापून टाकली. ॲल्युमिनियम घासून चकचकीत केलं आणि हवा लागून पुन्हा थर धरायच्या आत ग्रीस लावलं. नुसता पीळ द्यायचा नाही, हे तर तिला पहिल्या दिवसापासून पाठ. अर्धी ॲल्युमिनियमची, अर्धी तांब्याची अशी खास नळी मिळते, तिच्यात ज्या त्या बाजूनं ती ती तार घालून तिनं दाबयंत्रानं घट्ट आवळली. डबी आता खोलीच्या आत, कोरड्या भिंतीवर बसवली. तारा डबीत खालच्या बाजूनं घेतल्या, म्हणजे तारेवरून थेंब आला तरी डबीबाहेरच गळून पडेल. प्रेमानंद दारातून बघत होता. एकदाही त्यानं टोकलं नाही.

मेन स्विच चालू झाला. पंखा फिरायला लागला, तशी राखी हळूच बाहेर आली.

"हळू बोला वं आई, निजलं लेकरू."

पंजाबरावांनी जरा घसा साफ केला. "सुवर्णाबाई, मळ्यातल्या मोटरीची पेटीही तापून राह्यली. तुमी कधी येसान?"

"यांले इचारा."

"मले कायले?" प्रेमानंद म्हणाला. "मी तं शिडी धरनारा गडी." मग त्याला स्वतःलाच हसू आलं. "उद्या येतो भाऊ. दोघंही."

शिडी त्यानं डाव्या खांद्यावर घेतली, तिला हात लावू दिला नाही. घरापर्यंत तो सांगत राहिला, मोटरीच्या पेटीत आधी कुठं पाहायचं, कोणता स्क्रू ढिला पडतो. सुवर्णाला ते सगळं ठाऊक होतं. ती "हाव, हाव" म्हणत ऐकत राहिली.