दातवाल्यांनी बुजवलेली भेग

दातवाल्यांना खरं नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर छापून यायचं. गल्लीला, दवाखान्यांना आणि घरमालकाला ते दातवालेच. कवळ्या बनवायच्या हा त्यांचा धंदा. दवाखान्यातून कुणाच्या तरी तोंडाचं माप यायचं. दातवाले त्यावर प्लास्टरचा साचा ओतायचे, गुलाबी मेणात एकेक दात बसवायचे, आणि हिरडी आणि कवळी यांच्यामध्ये केस सरकेल एवढीही फट राहिली तर सगळं मोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. फट बघून गप्प बसणं त्यांना जमलंच नाही कधी. दुसऱ्याच्या घरी गेले तरी नजर जायची ती खिडकीच्या चौकटीत कुठे सांध सुटलीय तिकडे.

मालकांच्या जुन्या घराच्या पुढच्या अंगाला दोन खोल्या, मध्ये अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला मोरी आणि नळ. बावीस वर्षं तिथेच. पुढच्या खोलीत छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. काही जिवंत माणसांचे, बरेचसे आता नसलेल्यांचे.

"एवढी तोंडं आहेत घरात," बायको म्हणायची, "पण मालकाशी भांडायला एक उपयोगाचं नाही."

बायकोच्या जिभेला धार होती. डोळे मात्र काचबिंदूने नेले, त्याला बारा वर्षं झाली. पहिलं वर्ष तिने याच दोन खोल्यांत ठेचकाळत काढलं. नडग्या सदा निळ्या. मग हळूहळू तिने घर पाठ केलं. आता ती भिंतीवर उजव्या हाताची बोटं टेकवून चालायची, आणि अशी चालायची की नवख्या माणसाला कळायचंही नाही. स्वयंपाक, धुणं, पाणी भरणं, सगळं स्वतः. कुणी हात धरायला गेलं की झिडकारायची. "मी काय पिशवी आहे, उचलून न्यायला?"

तर अशा घरात एका सकाळी धाकटे मालक आले. थोरल्या मालकांचा हा मुलगा. थोरले गेल्यापासून भाडं न्यायलाही फिरकला नव्हता, आणि आज आला तो हातात कागद घेऊन, तोंडावर साखर घेऊन.

"दातवाले काका, घर विकायला काढलंय. पण तुम्हाला लगेच बाहेर काढायचं मनात नाही माझ्या. बाबांच्या वेळचे तुम्ही. विक्री होईपर्यंत राहा खुशाल. फक्त एवढी सही द्या."

"विक्रीला किती दिवस लागतील?"

"ही भेग बघून कोण घेतंय पटकन? आरामात सहा महिने."

भेग बोळातल्या भिंतीला होती. खोलीच्या चौकटीपाशी निघायची आणि कमरेच्या उंचीवरून थेट मोरीपर्यंत जायची, बोटभर रुंद. जुनी. दातवाले राहायला आले तेव्हाही होती.

दातवाल्यांनी हिशेब केला. सहा महिन्यांत तळमजल्यावर खोली शोधायची, नळ आत असलेली. मग रोज तासभर बायकोला तिथे न्यायचं, दोन्ही भाडी भरावी लागली तरी चालेल, आणि ती ते घर पाठ करेपर्यंत इथून हलायचं नाही. बस, एवढंच हवं होतं त्यांना. जगातली दुसरी कुठलीही मागणी नव्हती. त्यांनी सही केली.

समोरचा इस्त्रीवाला गल्लीतला पढीक माणूस. त्याने कागदाची नक्कल वाचली आणि इस्त्री आपटली. "अहो, यात लिहिलंय की तुम्ही भाडेकरू नाही! मालकाच्या मेहेरबानीवर राहताय, आणि विक्री झाली की खाली करताय. बावीस वर्षांचा हक्क होता तुमचा. हा कोर्टात गेला असता तरी नातवाच्या लग्नापर्यंत हलवू शकला नसता तुम्हाला!"

"चांगलं बोलला हो तो," दातवाले पुटपुटले.

"चांगलंच बोलणार! चावणारा आधी भुंकतो थोडाच!"

बायकोने मात्र कपाळावर हात मारला नाही. "झालं ते झालं," म्हणाली. "आता भेग आहे तोवर आपण आहोत. ती माझी आहे. तिला कुणी हात लावायचा नाही."

दातवाले हसले. त्यांना वाटलं, गंमत करतेय.

पहिले दोन महिने भेगेने इमान राखलं. दलाल गिऱ्हाइकं आणायचा. गिऱ्हाईक फळ्यांवरचे जबडे बघून दचकायचं, बोळात शिरायचं, भेगेत नख घालून बघायचं आणि "कळवतो" म्हणून पसार व्हायचं. बायको आतून ऐकायची आणि दार लागलं की म्हणायची, "गेलं का? चला, चहा टाकते."

मग धाकटे मालक पुन्हा आले. या वेळी दुप्पट साखर.

"काका, भेग असताना घर घेतील ते सगळे पाडणारे. घर पाडलं तर तुम्ही कुठे? भेग बुजली तर राहणारं गिऱ्हाईक येईल. राहणाऱ्याला पुढच्या दोन खोल्या काय करायच्यात? मी स्वतः शब्द टाकीन तुमच्यासाठी."

"गवंडी बोलवा मग."

"गवंड्याचं काम दिसतं हो. डाग पडतो. तुमच्या हातचं काम कुणाला दिसेल? माझ्या आईची कवळी तुम्ही केलेली, शेवटपर्यंत बाबांनाही कळलं नव्हतं तिचे दात खोटे आहेत ते."

इथे दातवाले फसले. कागदावर सही केली ती भोळेपणाने, पण हे भोळेपणाने नाही. हे अभिमानाने. बावीस वर्षं ती फट रोज डोळ्यांपुढे, आणि आज कुणीतरी म्हणतंय, भरा.

बायको चार दिवस बहिणीकडे गेली होती. त्या चार दिवसांत त्यांनी आलेली मापं बाजूला ठेवली. आधी भेग कोरून साफ केली, ब्रशने धूळ काढली, पाणी मारलं. मग प्लास्टरचे तीन थर. मग कवळी घासायच्या बारीक कागदाने घासणं. सगळ्यात जास्त वेळ गेला रंगाला. जुन्या चुन्याचा पिवळा रंग सोपा नसतो. हिरडीचा रंग जुळवणारा माणूस तो, त्याने अकरा नमुने केले आणि बारावा लावला. शेवटी डोळे मिटून भिंतीवरून हात फिरवला. कुठे काही नाही. लोण्यासारखी भिंत. घरी बायको येईल आणि तिला हे दाखवू, असं त्यांच्या मनात आलं. दाखवू! बारा वर्षांनंतरही हा शब्द आला मनात.

बायको दुपारी आली. पिशवी ठेवली, आणि हात धुवायला म्हणून नेहमीसारखी बोळात निघाली. चौकटीवरून बोटं भिंतीवर गेली आणि थांबली. वर गेली, खाली आली, पुन्हा वर. दातवाले पाहत होते. तिने अंदाजाने दोन पावलं टाकली, चुकून खांदा समोरच्या भिंतीवर आपटला, ती वळली, आणि आता कुठल्या दिशेला तोंड आहे हेच तिला समजेना. पुढचं पाऊल बादलीत. पाणी सांडलं, ती गुडघ्यावर आली.

"अहो," ती जमिनीवरूनच म्हणाली, "भिंत कुणाची आहे ही?"

बारा वर्षं त्यांनी तिला भिंतीला हात लावून चालताना पाहिलं होतं. रोज. पण बोटं भिंतीवर नाहीत, भेगेत असतात, हे केसाएवढी फट ओळखणाऱ्या माणसाला एकदाही दिसलं नव्हतं.

"मीच बुजवली," ते म्हणाले.

"सुरेख बुजवलीत." ती उठली नाही. "सांगितलं होतं ना, ती माझी आहे म्हणून."

ते कोरणी आणायला धावले. परत उकरायची, आत्ताच्या आत्ता. पण दार वाजलं. धाकटे मालक, दलाल, आणि नवं लग्न झालेलं एक जोडपं. बायको ओल्या लुगड्याने कोपऱ्यात उभी राहिली. त्या मुलीने बोळातल्या भिंतीवर तळहात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "किती सरळ आहे रे, बघ."

व्यवहार होईपर्यंत भिंतीला हात लावू नका, मग तुमच्यासाठी शब्द टाकतो, असं धाकटे मालक जाताना बजावून गेले, म्हणून कोरणी पुन्हा ठेवली गेली. आठवड्यात व्यवहार झाला. धाकटे मालक आले ते उंबऱ्याच्या आत आलेच नाहीत. "काका, विक्री झाली. पंधरा दिवस देतो."

"तुम्ही शब्द टाकणार होतात."

"टाकला ना. त्यांना मोकळं हवंय. आणि कागदावर आहेच की सगळं, सही तुमचीच आहे."

साखर संपली होती.

त्याच दिवशी दातवाल्यांनी कोरणी घेतली आणि भेग उकरली. चौकटीपासून मोरीपर्यंत, जशी होती तशी. निदान पंधरा दिवस तरी बायकोला तिचं घर मिळू दे. त्यांना वाटलं होतं तसं हे सोपं नव्हतं. प्लास्टर सोडेना. फारच चांगलं काम झालं होतं. संध्याकाळी बायको बोटं घालून नळापर्यंत गेली, आली, पुन्हा गेली.

चौथ्या दिवशी जोडपं पडद्यांची मापं घ्यायला आलं, बरोबर धाकटे मालक. मुलगी बोळात शिरली आणि किंचाळलीच.

"बघा!" धाकटे मालक ओरडले. "खाली करायला सांगितलं म्हणून राग काढला घरावर! बाबांनी आसरा दिला, त्याची ही फेड!"

"भेग जुनी आहे," दातवाले म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "बावीस वर्षांपूर्वीची. वाटल्यास इस्त्रीवाल्याला विचारा. मी बुजवली होती, यांनी सांगितलं म्हणून."

मुलीचा नवरा त्यांच्याकडे वळला. तो वाईट माणूस नव्हता, शांतच होता. "म्हणजे आम्ही आलो तेव्हा इथे भेग होती, आणि तुम्ही आम्हाला ती दिसू दिली नाही. आमच्यासमोर उभे होतात आणि गप्प राहिलात."

दातवाल्यांनी भेगेवर तळहात ठेवला.

"स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय," धाकटे मालक म्हणाले. तोंडातला 'काका' हा शब्द कधीच गळून पडला होता. "आता पंधरा दिवस विसर. परवा कुलूप लागेल."

इस्त्रीवाला धावून आला, मालकाची गचांडी धरली, चार शब्द असे ऐकवले की गल्लीतली दारं उघडली. दारं उघडली आणि बंदही झाली. गल्लीतले निम्मे लोक स्वतःच भाड्याने राहत होते. कागदावरची सही मात्र तशीच राहिली.

दोन दिवसांत मिळेल ती खोली घ्यावी लागली. दुसरा मजला. नळ आत आहे, एवढं मात्र जमलं. जबडे सगळे नेता आले नाहीत. मेलेल्यांचे तर नाहीतच, जिवंतांचेही थोडेच. बाकीचे दातवाल्यांनी पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकले तेव्हा पोत्यातून दात वाजल्यासारखा आवाज आला.

या खोलीच्या मालकिणीने किल्ली देताना पहिलीच अट घातली. "रंग ताजा आहे हं. भिंतीला खिळा मारायचा नाही, ओरखडा काढायचा नाही."

बायको पलंगाच्या कडेला बसली. पायांत चपला तशाच. दातवाले सामान लावत राहिले, मुद्दाम आवाज करत, खोली भरल्यासारखी वाटावी म्हणून.

"नळ कुठल्या बाजूला आहे?" तिने विचारलं.

"चल, मी नेतो." त्यांनी तिचा हात धरला.

तिने तो सोडवून घेतला. झिडकारला नाही. झिडकारला असता तर बरं वाटलं असतं.

"हात नको," ती म्हणाली. "भिंत द्या."