उपवासाचं मीठ

रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मी जयपूरच्या सीतापुऱ्याला, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. हातातलं लाल पेन टेबलावर टाकून आधी फाईल उघडली!

माझा कॅन्सर जाऊन सहा वर्षं झाली. पोटावर घेतलेल्या रेडिएशनने त्याला पळवलं खरं, पण त्याच रेडिएशनने किडन्यांना दुखापत केली, हे काही महिन्यांपूर्वी कळलं. बीपी चढलेलं, लघवीतून प्रोटीन जातंय. आमची डॉक्टर मराठीच, नांदेडची. तिने स्पष्ट सांगितलं होतं, "काकू, असंच चाललं तर डायलिसिस करावं लागेल. मीठ अगदी कमी करा."

स्वयंपाक आमच्या ह्यांच्याकडे. बँकेच्या बदलीने जयपूरला आलेला माणूस, रिटायर होऊन वैशाली नगरातच रमला. ह्यांनी मिठाचा डबा थेट माळ्यावर टाकला. तरी जेवण काय चविष्ट! ह्यांच्या हाताला चव आहे म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले. बीपी मात्र उतरायचं नाव घेईना.

मागच्या भेटीत डॉक्टरने विचारलं, "काका, मीठ किती घालता?"

"एक कण नाही!" हे छाती फुगवून म्हणाले.

"मग चवीला?"

"सैंधव. उपवासाला चालतं की. ते कुठे मीठ?"

तिने कपाळावर हात मारला. "अहो काका, तेही मीठच! उपवास देवाचा असतो, किडनीचा नाही."

आणि मी? केमिस्ट्री शिकवते हो मी! ओट्यावरची ती गुलाबी पुडी रोज दिसत होती. पण जन्मभर एकादश्या केल्यात ना, डोक्यातच आलं नाही.

घरी येऊन हे ओट्याकडे फिरकेनात. "मीच तुझं वाटोळं केलं," म्हणत बसले. मी खवळले. "नाटकं पुरे! मी काही आंधळी नव्हते. उठा, कुकर लावा." त्यानंतर दोन महिने आम्ही दोघंही अळणी खात होतो. शी! कागद चावल्यासारखं. रोज कुरकुर केली मी.

तर तो रिपोर्ट. प्रोटीन जवळपास निम्म्यावर! क्रिएटिनिन होतं तिथेच, वर गेलेलं नाही! लगेच डॉक्टरला फोन लावला. "काकू, मस्तच! किडन्या पहिल्यासारख्या होणार नाहीत, पण आत्ता डायलिसिसचं नाव काढायचं नाही." मी चक्क टाळ्या पिटल्या. शेजारच्या मॅडम "क्या हुआ जी?" म्हणत उठल्या. त्यांना मिठीच मारली.

बस इतकी हळू कधी चालली नव्हती. हे ओट्याशी पाठमोरे, दुधी चिरत होते. मी दारातूनच ओरडून सांगितलं. हे वळले नाहीत. "पुन्हा वाच," म्हणाले. तीनदा वाचायला लावलं. मग डोळे पुसले आणि पानं घेतली.

भाजी नेहमीसारखीच अळणी होती. मी दोनदा मागून घेतली.