हॅलोबाईंनी जोडलेली लाइन

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अक्कांना सगळे हॅलोबाई म्हणत. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी लोकांची माणसं लोकांना जोडून दिली. "बोला" म्हणायचं आणि लगेच बाजूला व्हायचं. दुसऱ्याच्या बोलण्याला कान लावणारीला त्या ऑपरेटर मानतच नसत.

अशा बाईंना घरातल्या टॅबनं मात्र जेरीस आणलं होतं. एकाला फोन लावणं जमे, पण सगळ्यांचा एकत्र कॉल सूनच लावून द्यायची. अक्का शेजारी पाहुण्यासारख्या गप्प बसत. हे त्यांच्या फार जिव्हारी लागे.

त्या दुपारी धाकट्या भावाचा हॉस्पिटलमधून फोन आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. साठी उलटली तरी घरात तो बंड्याच.

"अक्का, तुम्हा दोघी बहिणींना एकत्र बघायचंय गं. संध्याकाळी नर्स फोन काढून घेणार."

तो हसत बोलत होता. पण अक्कांनी आवाजांवरच जन्म काढला होता. पोरगा घाबरलाय, हे त्यांनी ओळखलं.

मधली बहीण परदेशात, आणि सून नेमकी कामावर. तिचा फोन बंद.

अक्कांनी चष्मा पुसला, टॅब पुढ्यात ओढला. मधलीला लावला, ती दिसली. बंड्याला लावायला गेल्या, तर मधली गायब. परत तेच.

"मला मधेच सोडून जातेस कुठे?" मधली वैतागली.

"गप्प लाइनवर राहा," अक्कांनी दटावलं. आवाज थेट एक्स्चेंजमधला निघाला.

पहिली वायर उपटायची नाही, दुसरी तिच्या जोडीला घालायची, असं त्या नवख्या मुलींना शिकवत. मग इथेही तशी सोय असणारच. त्यांनी पडदा नीट निरखला. कोपऱ्यात माणसाचं चित्र, शेजारी अधिकची खूण. दाबलं, बंड्याचं नाव निवडलं. रिंग गेली, आणि हॉस्पिटलच्या ढगळ कपड्यातला बंड्या मधलीच्या शेजारी हजर झाला.

अक्कांची छाती अभिमानानं फुगली. "बोला," त्या म्हणाल्या, टॅब भिंतीला टेकवला आणि सवयीनं उठून चहा टाकायला निघाल्या.

"अक्का, कुठे चाललीस?" मागून बंड्या म्हणाला.

"जोडून दिलं ना? बोला आता दोघं."

"लहानपणी घाबरलो की मी तुझ्याच पांघरुणात शिरायचो. हिच्या नाही. बस इथे."

"मी लाथा मारायचे ना," मधली म्हणाली.

अक्का बसल्या. चहा राहिला. नर्स आली तेव्हा तिघं एवढी हसत होती की तिनं फोन मागायला जरा उशीरच केला.

संध्याकाळी सून धावतपळत घरी आली. "मामांचा मेसेज आत्ता पाहिला. कॉल राहिला का हो? की कोणी लावून दिला?"

"ऑपरेटरनं," अक्का म्हणाल्या. "आणि आज ती मध्ये बोललीसुद्धा."