'घेतलं' म्हटल्याशिवाय

'कुणीतरी उचलेल' असं अक्कांसमोर म्हणायची सोय नव्हती. हातातलं काम थांबवून त्या विचारायच्या, "कुणीतरी नावाची बाई आपल्याकडं कामाला हाय का? कुठल्या गावची ती?" बोलणारीची मान खाली जायची आणि बाकीच्या आम्ही तोंडाला पदर लावायचो.

पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्षाच्या हंगामात आम्ही चाळीसेक बाया होतो. अक्का आमच्या प्रमुख. घडातले खराब मणी कात्रीने काढायचे, घड वजन करून पेटीत भरायचे. सकाळी जी कात्रीवर, ती दुपारी वजनाला. माल येईल तशा अक्का आम्हाला हलवायच्या. प्रत्येक पेटी शेवटी त्या स्वतः बघायच्या, मगच झाकण लागायचं. मी चौथी शिकलेली, पण काट्यावरचा आकडा चटकन वाचायचे, म्हणून बहुतेक वेळा त्यांच्या शेजारी वजनाला असायचे.

गोड बोलणं त्यांना जमत नसे. जेवताना कुणाच्या डब्यात नुसती भाकरी दिसली, तर आपलं पिठलं तिच्या झाकणात टाकायच्या आणि वर म्हणायच्या, "खारट झालंय, मला जात नाय." पिठलं कधीच खारट नसायचं.

त्यांची पद्धत सुरू झाली ती माझ्या चुकीमुळे. एकदा मला मधेच वजनाकडे बोलावलं. मी कात्री टेबलावर ठेवून गेले. माझ्या जागी आलेली सुनंदा ती उचलेल, असं मला वाटलं. तिला वाटलं, मी नेली. संध्याकाळी कात्र्या मोजल्या तर एक कमी. माल परदेशी जाणारा. भरलेल्या सगळ्या पेट्या आम्ही पुन्हा उघडल्या, तेव्हा ती एका पेटीत घडांखाली सापडली. सुनंदा माझ्याकडे बोट दाखवत होती, मी तिच्याकडे.

अक्का म्हणाल्या, "दोघीबी खऱ्या हायत. म्हणूनच कात्री पेटीत गेली."

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. जागा सोडणारीने म्हणायचं, "हे काम आता तुझं." येणारीने कात्री हातात घेऊन म्हणायचं, "घेतलं." ते ऐकल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.

"आणि घाईची लागली तर?" सुनंदाने विचारलं.

"मग घाईनं म्हण."

माझी सून नाशिकला गंगापूर रोडवर एका ऑफिसात आहे. घरी आली की फोनवर भांडत असते, ते काम माझं नव्हतंच म्हणून. मी तिला अक्कांचा नियम सांगितला, तर म्हणाली, "आई, आमच्याकडे मेल असतो." असू दे. कात्री पेटीत जायची ती जातेच.

पुढे अक्कांची नजर अधू झाली. त्यांनी बघून पुढे सारलेल्या पेटीत मला एकदा सडका मणी दिसला. मी गुपचूप काढला. मग रोजच त्यांच्या मागे पेट्या बघू लागले. कुणाला बोलले नाही. हे काम गेलं असतं तर त्यांना घरी बसावं लागलं असतं, आणि घरी त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं.

एके दिवशी मी मणी काढत असताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"मी तुला दिलं होतं हे काम?"

"नाही."

"मग कुणाचं होतं ते, शेवंते? तू एक दिवस आली नसतीस, तर पेटी कोण बघणार होतं?"

मी त्यांच्यावर मोठा उपकार करते आहे, असं समजत होते. त्या तशाच मालकांकडे गेल्या आणि डोळ्यांचं स्वतःच सांगून आल्या.

कामावरच्या त्यांच्या शेवटच्या दिवशी पेट्यांच्या टेबलाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "हे काम आता तुझं."

नियम त्यांचाच होता. मी 'घेतलं' म्हणेपर्यंत त्यांना टेबल सोडता येत नव्हतं. बाहेर बायांना नेणारा टेम्पो हॉर्न वाजवत होता. त्या उभ्या, मीही उभी.

"म्हण की लवकर," अक्का म्हणाल्या. "पाय दुखत्यात."

"घेतलं," मी म्हणाले, आणि त्या गेल्या.