ताईच्या मापाची सायकल

दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या ताईला सगळे लंबूताई म्हणत. "श्वास रोखा" हे तिच्या तोंडात इतकं बसलेलं, की घरी दूध उतू जायला लागलं तरी ती दुधालाही तेच सांगते, अशी तिचा धाकटा भाऊ बारक्या टिंगल करायचा. नोकरी सांभाळून ती रस्त्यावरच्या शर्यतींत उतरायची. एकटीने, घड्याळाशी झुंजायच्या शर्यती. त्यासाठीची तिची सायकलही खास होती. सीटखालची नळी फ्रेमचाच भाग, आणि ती मालकाच्या पायाच्या मापाने एकदाच कापायची. सीट बोटभर वरखाली सरकते, पण नळी एकदा कापली की कापली. लंबूताईची उंच नळी बघून लोक विचारायचे, शिडी लावून बसता का हो?

शहराच्या संघात एक जागा रिकामी झाली. निवड मात्र गोल ट्रॅकवर होती, कडा भिंतीसारख्या चढत जाणाऱ्या लाकडी ट्रॅकवर. चाळिशी जवळ आलेली. यंदा नाही तर कधीच नाही, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. पण ट्रॅकची सायकल आणायची कुठून?

"आहे तीच बदलून देतो की," बारक्या म्हणाला. सायकलदुरुस्ती हाच त्याचा धंदा, आणि कामात नाव ठेवायला जागा नाही. ताईने डोळे झाकून सायकल त्याच्या हवाली केली.

त्याने ब्रेक काढले, गियर काढले. मागचं चाक असं बसवलं, की सायकल पळते आहे तोवर पॅडलही फिरतंच राहणार. थांबायचं तर पायांनीच जोर लावून वेग मारायचा. वळणावर पॅडल लाकडाला घासू नये म्हणून पॅडलच्या दांड्याही आखूड घातल्या. ताई बसून बघायला आली, तर सीट खाली आलेली.

"अरे, गुडघे छातीला लागतायत माझे!"

"ट्रॅकवर असंच बसतात, ताई. होईल सवय."

दांडी आखूड झाली तर पाय खाली कमी जाणार, मग सीट उलट वर नको का जायला? हे तिच्या मनात आलं होतं बरं का. दुसरा कुणी असता तर तिने त्याला चांगला फैलावर घेतला असता. पण भाऊ म्हणतोय म्हणून गप्प बसली. इतकी हुशार बाई, आणि नेमकी इथे फसली.

निवडीच्या दिवशी तिची वेळ पात्रतेच्या आसपासही आली नाही. उतरली तेव्हा मांड्या लटलटत होत्या. वय झालं आपलं, म्हणून ती स्वतःवरच चिडली.

"आमच्या भाचीला बसू द्या जरा यावर," संघाचे प्रशिक्षक म्हणाले. "तिची सायकल अजून आलेली नाही."

भाची ताईच्या खांद्यालाही लागत नव्हती. आता, बारक्याची रीत अशी, की शेजारचं पोर सहज बसलं तरी आधी पाना काढायचा, सीट त्याच्या मापाला लावायची, मगच पॅडलवर पाय ठेवू द्यायचा. आज पाना खिशातच राहिला. भाची बसली आणि निघाली. पाय असे सुरेख फिरत होते, जणू सायकल तिच्यासाठीच बेतलेली.

ताईची नजर सीटखालच्या नळीवर गेली. "नळी कापलीस तू?"

बारक्याने मान खाली घातली. "भाचीच्या मापाची करून दिलीस तर संघाच्या वर्कशॉपात कायमचं काम देतो म्हणाले साहेब, ताई. मागितली असती तर दिली असतीस का तू सायकल?"

"नसती दिली. म्हणूनच मागितली नाहीस."

लहानपणी पाना कसा धरायचा हे ज्याला तिने शिकवलं, त्यानेच केसाने गळा कापला होता. रडू मागाहून आलं असतं. आधी संताप आला. वेग मारत भाची खाली आली, तेव्हा ताईने हँडल धरलं. पोरीचा काय दोष? "उतर, बाळा," ती म्हणाली आणि सायकल दाराकडे ढकलत निघाली.

"ताई, ती आता तुला चालवता यायची नाही गं!" बारक्या मागून ओरडला.

"माहीत आहे," ती वळून म्हणाली. "त्यांच्या भाचीला नवी बनवून दे. माप पाठच आहे तुला."